सील बदलूनही ऑइल गळतंय? जुन्या एअर-कूल्ड कॅम्पर व्हॅनच्या इंजिनावर आधी काय तपासायचं

नवं सील बसवलं, इंजिन पुसून लख्ख केलं, आणि परशुराम घाट उतरून चिपळूणला पोचेस्तोवर खालून पुन्हा थेंब. मग दुसरं सील, मग सिलिकॉनचा जाड थर, आणि शेवटी ‘जुनी गाडी आहे, गळणारच’ असं म्हणून सोडून देणं. जुनी फोक्सवॅगन टाइप टू व्हॅन सांभाळणारे बरेच जण इथे येऊन थांबतात. ही इंजिनं गळण्यासाठीच बनली आहेत हे मला अजिबात मान्य नाही. क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाचे, दोन अर्धे भाग एकमेकांवर बसतात, मध्ये पॅकिंगसुद्धा नसतं, सीलंटचा पातळ थर असतो, आणि तरी कारखान्यातून ते कोरडं बाहेर पडत होतं. आजही ते कोरडं ठेवता येतं. त्यासाठी ऑइल कुठून येतंय हे शोधायचं आणि मग ते तिथून का ढकललं जातंय हेही शोधायचं. गळती परत परत येते, कारण दुसऱ्या प्रश्नापर्यंत कोणी जातच नाही.

इथे लिहिलंय ते १६०० सीसीच्या, उभा पंखा असलेल्या इंजिनाबद्दल, म्हणजे बीटलमध्ये असतं तेच. ब्राझीलमध्ये या जातीच्या एअर-कूल्ड इंजिनाची व्हॅन २००५ च्या अखेरीपर्यंत बनत होती. १९७२ पासून काही व्हॅनमध्ये आलेलं १७००, १८०० आणि २००० सीसीचं टाइप फोर इंजिन वेगळं. त्याला ऑइल फिल्टर असतो आणि काही कामं त्यावर सोपी आहेत. तो फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे सांगतो.

गळतीकडे एवढं लक्ष का द्यायचं? या इंजिनात पाणी नाही, रेडिएटर नाही. ऑइल सगळं मिळून अडीच लिटर, आणि वंगणाबरोबरच इंजिन थंड ठेवण्याचं मोठं कामही तेच करतं. त्यातलं अर्धा लिटर रस्त्यावर गेलं की उरलेल्या ऑइलवर भार येतो. शिवाय आपल्याकडे जांभ्याची तांबडी धूळ आहे. ओल्या इंजिनावर ती बसते, सिलिंडरच्या आणि ऑइल कूलरच्या फिन्समध्ये तिचा चिखल होतो, हवा जायची थांबते. इंजिन तापतं, तापलं की रबराची सीलं कडक होतात, आणि कडक झाली की आणखी गळतात. हीटरची हवा एक्झॉस्टभोवतीच्या पेट्यांतून येते, म्हणून तिथे सांडलेलं ऑइल जळलं की धूर थेट केबिनमध्ये येतो. व्हॅनमध्ये मुलं झोपत असतील तर ही साधी गोष्ट नाही. जळक्या ऑइलचा वास आत आला की हीटरच्या झडपा बंद करा, खिडक्या उघडा आणि गळती शोधेपर्यंत गाडीत मुक्काम करू नका.

ऑइल सुरू कुठून होतंय

कौलारू घरात पाणी टपकतं त्याच्या बरोबर वरचं कौल फुटलेलं असतंच असं नाही. पाणी वाशावरून वाहत येतं आणि भलतीकडेच पडतं. इंजिनाचंही तसंच. खालचा सगळ्यात ओला भाग बघून सील मागवू नका.

इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रश घेऊन खालून-वरून धुवा. डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटरवर आधी पिशव्या बांधा. पेट्रोलने अजिबात धुऊ नका. धुतल्यावर फडक्याने कोरडं करा, उन्हात पूर्ण वाळू द्या आणि डिझेलचा वास गेल्याशिवाय स्टार्टर मारू नका. या निमित्ताने पेट्रोलचे रबरी पाइपही हाताने दाबून बघा. तडे दिसले तर ऑइलचं काम बाजूला ठेवून आधी ते पाइप बदला, कारण या गाड्या जळतात त्या बहुधा पेट्रोलच्या पाइपांमुळे.

वाळलेल्या इंजिनावर साधी टाल्कम पावडर उडवा. क्रँककेसचा सांधा, पुशरॉड ट्यूबा (इंजिनाखालच्या पातळ नळ्या), रॉकर कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) कडा, बेल हाउसिंगचा (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचा) खालचा भाग, सगळीकडे. मग इंजिन दहा मिनिटं चालवा आणि टॉर्च घेऊन खाली जा. पांढऱ्या पावडरवर ओली रेघ स्पष्ट दिसते. तिच्या वरच्या टोकाला गळतीचा उगम. काहीच दिसलं नाही तर छोटा चढ चढून या. काही गळत्या इंजिन पुरतं तापल्याशिवाय आणि भार आल्याशिवाय दिसतच नाहीत.

बेल हाउसिंगमधून थेंब पडत असेल तर बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला नसतो. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलेलं असताना इंजिनाचं सील बदलून काय होणार? इंजिन उतरवण्याआधीचा हा एक वास तुमचा पूर्ण दिवस वाचवतो.

आणि डिपस्टिक. व्हॅन सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी बघा. आपल्याकडे अंगणं उताराची असतात. उतारावर उभ्या गाडीची काडी खोटं सांगते, मग माणूस वरून ऑइल ओततो, आणि जास्त झालेलं ऑइल मागच्या पुलीतून बाहेर येतं. मग त्यालाही ‘गळती’ म्हणायचं.

दाब: सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण

या इंजिनाच्या पुलीच्या टोकाला मुळात सीलच नाही. तिथे पुलीच्या दांड्यावर आटे कापलेले असतात. पुली फिरते तशी ते आटे ऑइल आत ओढतात, आणि आत एक तबकडी ऑइल बाजूला फेकते. क्रँककेसमध्ये दाब नसेल तर ही रचना सुंदर काम करते. दाब वाढला की पहिलं ऑइल इथूनच बाहेर पडतं आणि पट्ट्याच्या वाऱ्याने इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर शिंतोडे उडतात. म्हणून पुलीजवळ ओलं दिसलं तर ‘इथलं सील गेलं’ असं समजू नका. इंजिन नुकतंच बांधलेलं असेल तर मात्र ती तबकडी उलटी तर बसली नाही ना, हे मिस्त्रींना नक्की विचारा. तिची खोलगट बाजू पुलीकडे असायला हवी.

दाब वाढण्याचं पहिलं कारण म्हणजे तुंबलेला ब्रीदर, क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी वाट. ऑइल भरायच्या नळकांड्यापासून एक रबरी पाइप एअर क्लीनरकडे जातो. कोकणात हा पाइप काढून बघण्यासारखा असतो. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही, आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जात नाही, आणि ऑइलशी मिसळून त्याची पांढरट-पिवळट साय बनते. ही साय नळकांड्यात आणि पाइपमध्ये साचते. पाइप जुना होऊन मध्ये खचलेला असेल तर वाट आणखी अरुंद. जुन्या काही इंजिनांत या नळकांड्याला खाली एक नळी असते आणि तिच्या टोकाला रबरी झडप. ती चिकटून बसलेली आढळते. हे सगळं डिझेलने स्वच्छ करा, पाइप नवा टाका. खर्च नगण्य, आणि कितीतरी ‘न थांबणाऱ्या’ गळत्या एवढ्यानेच थांबतात.

दुसरं कारण नको असलेलं: झिजलेल्या रिंगा. इंजिन गरम असताना, आयडलवर, ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर प्लास्टिकची पातळ पिशवी सैल धरा. थोडी धडधड ठीक. पिशवी फुगून वर उडत असेल, धूर येत असेल, तर पिस्टनवरून वायू खाली येतोय. मग कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलिंडर दर चौरस इंचाला शंभर पौंडांच्या वर आणि एकमेकांच्या जवळपास हवेत. एखादा फार मागे असेल तर सीलवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. दाब तोच राहिला तर नवं सीलही तेच करणार. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, पण आधी कळलेलं बरं.

पुशरॉड ट्यूबा: खाऱ्या हवेचं दुखणं

इंजिनाच्या खाली, दोन्ही बाजूंना चार-चार, पातळ पत्र्याच्या आठ नळ्या असतात. दोन्ही टोकांना अकॉर्डियनसारख्या घड्या असतात आणि रबरी रिंगांवर त्या हेड आणि क्रँककेसच्या मध्ये दाबून बसतात. वरून ऑइल याच नळ्यांतून परत खाली येतं. परदेशी पुस्तकांत यांच्या सीलबद्दल भरपूर वाचायला मिळतं. किनाऱ्यावर मात्र सीलइतकीच नळीही दोषी असते. मालवण, गुहागर, हर्णै अशा ठिकाणी उभ्या राहणाऱ्या गाडीची नळी घड्यांमध्ये गंजते, कारण तिथे खारा चिखल अडकून राहतो. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी ऑइल पाझरतं, आणि दिसताना ते थेट सीलमधून आल्यासारखंच दिसतं. तारेच्या ब्रशने घड्या घासून बघा. पत्रा पोपडे सोडत असेल तर त्या नळीला नवं सील घालू नका, नळीच बदला.

टाइप फोर इंजिनात या नळ्या रॉकर काढून बाहेर ओढता येतात. आपल्या १६०० मध्ये हेड काढावं लागतं, म्हणजे व्यवहारात इंजिन खाली घेणं आलं. हेड न काढता बसवायच्या दोन तुकड्यांच्या सरकत्या नळ्या मिळतात. प्रवासात अडकल्यावर त्या जरूर वापराव्यात, पण कायमचं काम म्हणून मला त्या पटत नाहीत.

हेड काढलंच आहे तर आठही नळ्यांचं काम एकदम करा. जुनी चांगली नळी परत वापरायची असेल तर घड्या हलक्या हाताने ओढून तिची लांबी १९० ते १९१ मिलिमीटर करा, म्हणजे हेड आवळताना ती नीट दाबली जाईल. ओढताना घडीला तडा गेला तर ती नळी बाद. बसवताना नळीची शिवण वरच्या बाजूला ठेवा. शिवण उघडलीच तर वाहणारं ऑइल तिच्यापर्यंत सहज पोचत नाही. सील सिलिकॉनचं किंवा व्हिटॉनचं घ्या. साधं काळं नायट्राइल रबर इथल्या उष्णतेला फार दिवस पुरत नाही. हेडचे नट ठरलेल्या क्रमानेच आवळायचे: ८ मिलिमीटरच्या स्टडवर २५ न्यूटन मीटर, १० मिलिमीटरच्या स्टडवर साधारण ३१. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा. अंदाजाने आवळलेल्या हेडखाली नळ्या वाकड्या दाबल्या जातात आणि महिनाभरात पुन्हा तेच.

बाहेरून नळ्यांना उष्णता सोसणाऱ्या रंगाचा पातळ हात द्यायला मी सगळ्यांना सांगतो. किनाऱ्यावर त्याचा फरक पडतो.

फ्लायव्हीलचं सील

बेल हाउसिंगमधून इंजिन ऑइल येतंय, क्लच सोडताना गाडी थरथरते, हे दिसलं की सगळे ९० मिलिमीटरचं मोठं सील मागवतात. ते बदलायचंच आहे, पण या ठिकाणची गळती परत येण्याचं खरं कारण अनेकदा क्रँकशाफ्टची पुढेमागे हालचाल, म्हणजे एंड प्ले, हे असतं. ही हालचाल ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असायला हवी, ०.१५ ही शेवटची मर्यादा. शाफ्ट सतत मागेपुढे होत असेल तर कुठल्याही सीलचा ओठ (आतली रबरी कड) थोड्याच दिवसांत झिजणार. कच्ची परीक्षा इंजिन गाडीत असतानाच होते: इंजिन बंद करून मागची पुली दोन्ही हातांनी धरा, आत ढकला, बाहेर ओढा. हाताला स्पष्ट ‘टक’ लागलं तर डायल गेजने मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही हालचाल फ्लायव्हीलमागच्या तीन शिम्सनी (पातळ चकत्यांनी) जुळवतात. तिन्ही लागतात. दोन जाड शिम घालून भागवलेलं पाहिलंय, तसं करू नये.

आपल्याकडचे मिस्त्री बुलेट आणि रिक्षाची इंजिनं डोळे मिटून उघडतात, पण ही शिम्सची भानगड त्यांच्या रोजच्या कामात येत नाही. आधीच आदराने विषय काढावा: ‘मिस्त्री, सील बसवण्याआधी एकदा एंड प्ले मोजू या का?’ चांगल्या मिस्त्रीला असं विचारलेलं आवडतं.

फ्लायव्हील काढल्यावर आणखी तीन जागा बघा. एक, फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूची ओ-रिंग. ती जुनीच राहून गेली तर सील कितीही चांगलं असो, ऑइल मधूनच येतं. दोन, सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे फ्लायव्हीलच्या गळ्यावर खाच पडलेली आहे का. नखाला लागत असेल तर लेथवाल्याकडून गळा पॉलिश करून घ्या किंवा सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवा, म्हणजे ओठ नव्या जागी टेकेल. तीन, कॅमशाफ्टच्या टोकाचं झाकण. फ्लायव्हीलच्या आड ते लपलेलं असतं आणि त्याची गळती लोक सीलच्या नावावर टाकतात. ते नीट बसवायचं तर क्रँककेस उघडावं लागतं, म्हणून आधीच खात्री करा.

सील काटकोनात, सरळ बसलं पाहिजे. एका बाजूने ठोकत नेलं तर ते वाकडं जातं. ओठाला ऑइल लावा, कोरडं बसवू नका. मधला मोठा नट ३६ मिलिमीटरचा, त्याला ३४३ न्यूटन मीटर लागतात. ट्रकच्या गॅरेजमध्ये असणारा लांब दांड्याचा टॉर्क पानाच इथे उपयोगी.

बाकीच्या जागा

रॉकर कव्हर हे सगळ्यात सोपं. जुनं कॉर्कचं पॅकिंग खरवडून पूर्ण काढा, नवं पॅकिंग फक्त कव्हरच्या बाजूला चिकटवा, हेडच्या बाजूला कोरडं ठेवा. कव्हर वाकलेलं असेल तर सपाट काचेवर ठेवून बघा. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर, जुळवण्यासाठी कव्हर उघडाल तेव्हा दर वेळी नवं पॅकिंग.

खालच्या, ऑइल गाळणाऱ्या जाळीच्या पत्र्याला सहा छोटे नट असतात आणि त्यांना फक्त ७ न्यूटन मीटर चालतं. गळतंय म्हणून इथे जोर लावला की पत्रा वाकतो, मग जास्त गळतं, मग आणखी जोर, आणि शेवटी मॅग्नेशियममधले स्टडचे आटे उपटून येतात. पत्रा हातोडीने सपाट करा, जाळीच्या दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग, सहाही नटांखाली नवे तांब्याचे वॉशर. दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलताना हे व्हायलाच हवं, कारण या इंजिनाला फिल्टर नाही, ही जाळीच काय ती.

डिस्ट्रिब्युटरच्या डावीकडे ऑइल प्रेशरचा स्विच आहे. तो खुद्द मधूनच गळतो आणि ऑइल डाव्या बाजूच्या पुशरॉड ट्यूबांवर उतरतं. स्विच स्वस्त आहे. त्याचे आटे निमुळते असतात, म्हणून बसवताना जास्त आवळला तर क्रँककेसलाच तडा जाऊ शकतो. डिस्ट्रिब्युटरच्या खालची ओ-रिंग आणि पेट्रोल पंपाखालची पॅकिंगं त्याच वेळी बदलून टाका.

ऑइल कूलरची सीलं डावीकडे, पत्र्यांच्या आड असतात. ती एकदा गेली तर वयाने गेली असं समजू. पुन्हा गेली तर प्रेशर रिलीफचा, म्हणजे जास्तीचा दाब सोडणारा, पिस्टन बघा. क्रँककेसच्या तळाशी, पुलीच्या बाजूला डावीकडे स्क्रूड्रायव्हरची खाच असलेला एक मोठा बोल्ट आहे, त्याच्या आत स्प्रिंग आणि छोटा पिस्टन. १९७० च्या सुमारापासून पुढच्या टोकालाही दुसरा असतो. पिस्टन चिकटलेला असेल तर सकाळी थंड ऑइलचा सगळा दाब कूलरवर येतो. म्हणूनच ‘जाड ऑइल घाला, गळती थांबेल’ हा सल्ला या इंजिनाला घातक आहे. आपल्या हवेत २० डब्ल्यू ५० पुरेसं आहे, त्याहून जाड नको. गळती थांबवणारी औषधं ऑइलमध्ये मिसळू नका. ती रबर फुगवतात आणि पुढे तेच रबर सैल पडतं.

पावसाळा आणि पार्किंग

क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे. मीठ त्याला खातं. पांढरी पूड दिसू लागली की ती गंजाचीच. समुद्राच्या वाळूवर व्हॅन नेली असेल, किंवा दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटीवर लाटांचं पाणी उडालं असेल, तर घरी आल्यावर इंजिन थंड झाल्यावर खालून गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा. पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर आधी ऑइल बदला, कारण जुन्या ऑइलमधलं आम्ल आणि पाणी चार महिने आत राहू नये. मधूनमधून इंजिन नुसतं सुरू करून पाच मिनिटांत बंद करू नका. त्याने आत आणखी पाणी साचतं. सुरू केलं तर उघडीप बघून अर्धा तास गाडी फिरवून आणा.

दसऱ्याच्या आसपास गाडी बाहेर काढताना पंख्याच्या आवरणात उंदरांनी काथ्या-चिंध्या भरल्या नाहीत ना हे आरसा आणि बॅटरीने बघा. हवा अडली तर वरची सगळी मेहनत पहिल्याच घाटात वाया जाते. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेचं रबर जागेवर हवं, नाहीतर खालची गरम हवा पुन्हा वर ओढली जाते. काम झाल्यावर पहिली शंभर किलोमीटर सपाटीवर चालवा, रॉकर कव्हर आणि खालचा पत्रा थंड इंजिनावर परत तपासा, खाली पुठ्ठा टाकून गाडी रात्रभर उभी करा आणि पुठ्ठ्यावर चाकांच्या खुणा करून ठेवा, म्हणजे ठिपका पडलाच तर तो नेमक्या कुठल्या भागाखाली आहे हे सकाळी कळेल. पुठ्ठा कोरडा असेल तर आंबा घाट चढायला हरकत नाही. वर पोचल्यावर डिपस्टिक काढून बघा. काडीचं टोक बोटांत धरवत नसेल इतकं तापलं असेल तर तिथेच थांबा आणि ब्रीदरच्या आधी हवेची वाट तपासा.